आधी ओळख, मग लेखन

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले, तेव्हा चर्चा झाली ती त्यांच्या वेगाची. स्वदेशी सर्व्हरांचा अभिमान मलाही आहे. परंतु प्रयोगशाळेत मोजमापावर जगणाऱ्या माझ्यासारख्याचे लक्ष एका दुर्लक्षित प्रश्नाकडे जाते. यंत्राचे तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांची गती मोजणारी चिप नेमकी कोणती, हे ड्रायव्हरने ओळखावे कसे?

पीसीआय कार्ड आपल्या निर्मात्याचा आणि स्वतःचा क्रमांक सांगते. या चिपा मात्र बहुधा ‘आय-टू-सी’ नावाच्या दोन तारांच्या बसवर असतात. तेथे ओळख देण्याचे बंधन कोणावरही नाही. असतो तो सहसा सात बिटांचा पत्ता, आणि त्याच पत्त्यावर दुसऱ्या बोर्डात निराळीच चिप असू शकते.

‘एलएम७५’ हा सर्वपरिचित तापमापक घ्या. त्याच्या मूळ रचनेत ओळखीचे रजिस्टरच नाही. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर अप्रत्यक्ष खुणा तपासतो: न वापरलेले बिट शून्य आहेत का, ठरावीक अंतराने तीच रजिस्टरे पुन्हा दिसतात का. हा पुरावा आहे, सिद्धता नव्हे.

अंदाज चुकला तर काय होते, याचे उदाहरण आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅडांनी दिले. पत्त्यावर कोणी आहे का, हे पाहण्यासाठी पाठवलेला निरुपद्रवी भासणारा संदेश त्यांतील एका ईईप्रॉमने लेखन समजून स्वीकारला. आतील मजकूर बिघडला आणि लॅपटॉप सुरू होईनासे झाले. मोजणाऱ्यानेच मोजली जाणारी वस्तू बिघडवली!

त्यातून घडलेली शिस्त साधी आहे. शोध मोजक्याच पत्त्यांवर घ्यावा. निर्मात्याचा आणि चिपचा क्रमांक असेल तर तोच आधी वाचावा. ओळख पक्की होण्यापूर्वी एकही रजिस्टर लिहू नये. शंका उरल्यास ड्रायव्हरने मुकाट्याने माघार घ्यावी. ओळख खात्रीची होण्याजोगी नसेल, तर बोर्ड घडवणाऱ्यानेच डिव्हाइस ट्रीमध्ये किंवा एसीपीआयमध्ये चिपचे नाव नोंदवावे.

मी विद्यार्थ्यांना सांगतो, ‘सेन्सर सापडला नाही’ हे उत्तर खोट्या ४२ अंशांपेक्षा अधिक मोलाचे आहे. पहिल्याने आपण शोधाला लागतो. दुसऱ्यावर विश्वास ठेवून पंखे मंदावतात, आणि प्रयोगाचे निष्कर्षही छापले जातात.

आता चिपा आणि बोर्ड आपल्या देशात घडू लागले आहेत. त्यांच्या रचनाकारांना एकच विनंती: ओळखीसाठी दोन रजिस्टरे राखून ठेवा आणि त्यांची माहितीपुस्तिका सर्वांसाठी खुली करा. खर्च नगण्य आहे. पण पुढची अनेक वर्षे कोणाला अंधारात चाचपडत लिहावे लागणार नाही.