रोहतांगपलीकडे

मनालीहून लाहौलकडे निघालेला प्रवासी पूर्वी रोहतांगच्या ३,९७८ मीटर उंचीवर थबकत असे. मागे देवदारांची कुलू दरी, पुढे चंद्रा नदीचे उघडेबोडके खोरे आणि सोनापाणी हिमनदी. दोन सृष्टींमधला हा सांधा वळणावळणाने उलगडे. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला आणि नऊ किलोमीटरच्या भुयारानंतर लाहौल एकाएकी समोर येऊ लागले. सौंदर्यदृष्ट्या ही हानीच. मात्र खिंड बर्फाने बुजली की महिनोन्‌महिने जगापासून तुटणाऱ्या लाहौली माणसापाशी तिची हळहळ बोलून दाखवणे हा निव्वळ उद्दामपणा ठरेल. त्याच्या घरचा रुग्ण आता ऐन हिवाळ्यातही कुलूला पोहोचू शकतो. पुढे तांडीपासून रस्ता भागेच्या काठाने बारालाचाकडे चढतो. त्या एकाच खिंडीच्या दोन अंगांना उगम पावलेल्या चंद्रा आणि भागा, पहाडाला वळसे घालून, तांडीलाच भेटतात.