तुंब्याची फुलं

लग्न होऊन सांगलीहून धारवाडला आले, तेव्हा मला कानडी जेमतेम ‘बा’ आणि ‘होगू’ एवढंच येत होतं. माळमड्डीतलं आमचं घर मराठी. पण दूधवाला, भाजीवाली, कामाची बाई, सगळे कानडी. मी आपली मुंडी हलवून भागवत असे. शेजारच्या अक्कांच्या ते ध्यानात आलं असावं. नवरात्राच्या सुमारास त्या मला पहाटे केळगेरी तळ्याकडे फिरायला नेऊ लागल्या.

पाऊस ओसरलेला. बांधावरचा तेरडा उतरणीला लागलेला, कुंपणात कळलावीची उरलीसुरली लाल-पिवळी फुलं, आणि वाटेच्या कडेनं तुंबा. अक्का लिंगायत. इष्टलिंगाच्या पूजेला त्यांना तुंबाच लागे. देठाभोवती हिरवे गोल गेंद आणि त्यांतून डोकावणारी पांढरीशुभ्र फुलं. चिमटीत धरलं की फूल अलगद सुटतं, मागच्या टोकाला मधाचा थेंब. मुंग्या मात्र आधी झटकायच्या.

फुलं खुडता खुडता अक्कांनी गोष्ट सांगितली, निम्मी कानडीत, निम्मी हातवाऱ्यांत. तुंब्याच्या भक्तीवर शिव प्रसन्न झाला. ‘तुझे पाय माझ्या डोक्यावर असू देत’ असं मागायचं, तर आनंदाच्या भरात ते बापडं बोलून गेलं, ‘माझे पाय तुझ्या डोक्यावर असू देत.’ शिव हसला आणि त्यानं फूल मस्तकी धरलं. तुंब्याची खालची पाकळी निरखून पाहा, इवलंसं पाऊलच! माझ्या आजीकडे गोष्ट होती ती केवड्याची. ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून शिवानं त्याला पूजेतून हद्दपार केलं. आमच्या घरच्या साऱ्या गोष्टी अशाच, कोणाला काय चालत नाही ते सांगणाऱ्या. जीभ घसरलेल्याला देव डोक्यावर घेतो, हे मी अक्कांकडूनच ऐकलं.

त्याच आठवड्यात भाजीवालीशी कानडीत घासाघीस केली. ती पोट धरून हसली; भाव काही उतरवला नाही.

अक्का आता मुलाकडे बंगळूरला असतात. आश्विन लागला की फोनवर विचारतात, तुंबे आली का? मी सांगते, अलीकडच्या जागेत प्लॉट पडलेत, आता बरंच पुढे जावं लागतं.

‘‘मग लवकर निघत जा,’’ अक्का म्हणतात.