फवारणीच्या आधी

पुण्यातल्या सोसायट्यांच्या बागा सांभाळणं हा माझा व्यवसाय. पावसाळा सरला की फोन सुरू होतात, "जास्वंदीवर पांढरं काहीतरी आलंय, जरा कडक औषध मारा." मी गेल्यावर आधी खोडाशी वाकून मुंग्या बघतो.

ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. हा रस शोषतो आणि अंगातून गोड चिकटा सोडतो. त्या गोडासाठी मुंग्या येतात, त्याची राखण करतात, त्याला खाणारे मित्रकीटक हुसकावून लावतात. पानांवर सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी धरते ती वेगळीच. मुंग्यांची वाट मोडली नाही तर कितीही फवारा, पंधरवड्यात पिठ्या पुन्हा हजर. म्हणून पहिलं काम कात्रीचं. लडबडलेले शेंडे छाटायचे, पिशवीत बांधून बाहेर काढायचे, कंपोस्टच्या खड्ड्यात मुळीच टाकायचे नाहीत. मग निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी, तेही पानांच्या खालच्या बाजूने आणि बेचक्यांत.

पण कात्री लावण्याआधी भिंग लावावं. त्या पांढऱ्या गर्दीत एखादा जीव जरा मोठा असतो, त्याच्या अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या असतात आणि तो चांगला चपळ असतो. ही क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी. दिसायला पिठ्यासारखीच, खाते मात्र पिठ्यालाच. हा भुंगेरा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. किती माळी हिलाच सगळ्यांत मोठी कीड समजून चिरडतात! ते बघून फार वाईट वाटतं. पपईवरचा पिठ्या 2008 मध्ये भारतात प्रथम दिसला, तो जास्वंदीवरही पसरला. त्याच्यासाठी 2010 मध्ये पोर्तो रिकोहून बंगळुरूला ॲसेरोफॅगस नावाची अगदी बारीक गांधीलमाशी आणली. वाळलेल्या, फुगीर ढेकणाच्या टरफलाला गोल भोक दिसलं, तर अशाच एखाद्या माशीचं पिल्लू त्याला आतून खाऊन, मोठं होऊन बाहेर पडलेलं असतं. असं झाड मी औषधाविना सोडतो. रहिवाशांना ते पटवणं हे फवारणीपेक्षा जास्त कष्टाचं काम आहे.

कीड वाढण्यामागे बऱ्याचदा खतच असतं. बाग हिरवीगार दिसावी म्हणून मूठ-मूठ युरिया पडतो, कोवळी लुसलुशीत फूट येते, आणि मावा, पिठ्या, पांढरी माशी नेमकी तिथेच बसते. त्यात एक्झोराची नवी पानं पिवळी पडली की आणखी एकोणीस-एकोणीस खत ओतलं जातं. पान हातात घेऊन बघा. पिवळेपणा शेंड्याच्या पानांवर आणि शिरा हिरव्या, म्हणजे बहुतेक लोहाची कमतरता. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. इथे मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीची जमीन, बोअरचं जड पाणी आणि बिल्डरने बागेखाली गाडलेला सिमेंटचा राडारोडा यांमुळे सामू आठच्या वर जातो आणि ते मुळांना लागत नाही. अशा मातीत लोहाचं ईडीटीए चिलेट टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. महाग आहे, पण मी तेच आणायला लावतो. सोबत गंधक आणि चांगलं कुजलेलं शेणखत. अर्धकच्चं शेणखत घातलं तर त्यातून हुमणी येते आणि लॉनची मुळं खाते.

दर पंधरा दिवसांनी ठरल्या तारखेला फवारणी, असा करार मी घेत नाही. त्यात किडीआधी मित्रकीटक मरतात, आणि त्याच लॉनवर संध्याकाळी मुलं अनवाणी खेळतात. माझ्या करारात दर आठवड्याची पाहणी असते. फवारायचं ठरलंच तर कुठलं औषध आणि कशावर, हे आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर लागतं, आणि मधमाश्या परतल्यावर, उन्हं उतरल्यावर, तेवढ्याच झाडांवर पंप चालतो. तोवर वॉचमनने लॉनला दोरी बांधलेली असते.