एकच कार्यक्रम, दोन आठवणी

परवा एका जुन्या मित्राशी फोनवर गप्पा चालल्या होत्या. २००४ मध्ये आम्ही अमेरिकेत एकाच टीममध्ये होतो, क्यूबला क्यूब लागून. बोलता बोलता सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स'च्या बुधवारच्या कार्यक्रमाचा विषय निघाला. मी म्हटलं, "अबू घरेबचे फोटो त्यांनीच पहिल्यांदा दाखवले, आठवतंय?" तो म्हणाला, "मला तर बुशविरुद्धचे ते खोटे कागदच आठवतात रे!"

गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. अबू घरेब तुरुंगातल्या छळाचे फोटो २८ एप्रिल २००४ ला दाखवले गेले. त्याच कार्यक्रमात ८ सप्टेंबरला डॅन रादरने बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या नोकरीबद्दलचे, १९७२-७३ सालचे म्हणून काही कागद दाखवले. ते खरे असल्याचं सीबीएसला सिद्ध करता आलं नाही, आणि १२ दिवसांनी त्यांनी तसं कबूलही केलं. दोन्ही वृत्तांतांची निर्माती एकच, मेरी मेप्स. एकाला पीबडी पुरस्कार मिळाला, दुसऱ्यापायी जानेवारी २००५ मध्ये तिची नोकरी गेली.

तेव्हा मी रोज सकाळी चहाबरोबर डेली कोस आणि टॉकिंग पॉइंट्स मेमो वाचायचो. हा इन्स्टापंडित, पॉवर लाइन आणि लिटल ग्रीन फुटबॉल्स वाचायचा. लंचला आमचं जोरदार वाजायचं. मला वाटायचं, आमची मतं वेगळी आहेत. आता वाटतं, मतांपर्यंत आम्ही पोचतच नव्हतो. आमचे विषयच वेगळे होते! मी इराक, छळ, सरकारची लपवाछपवी यांवर बोलायचो. तो मीडियाचा एकांगीपणा, दहशतवाद आणि केरींच्या कोलांट्यांवर. मी विचारायचो, "अबू घरेबबद्दल तुमची माणसं गप्प का?" तो विचारायचा, "रादरबद्दल तुमची का?" दोघेही निरुत्तर, आणि दोघांनाही वाटायचं की आपण जिंकलो.

या भांडणावर चक्क एक पेपर आहे. लाडा अडामिक आणि नॅटली ग्लान्स या दोघींनी २००५ मध्ये तो लिहिला. त्या निवडणुकीआधीच्या दोन महिन्यांत दोन्ही बाजूंच्या ४० आघाडीच्या ब्लॉगांनी काय लिहिलं, ते त्यांनी तपासलं. बहुतेक लिंका आपल्याच गोटात जात होत्या, यात काही नवल नाही. मला चटका लावला तो दुसऱ्या गोष्टीने. केरींचं नाव उजवे जास्त घेत होते आणि बुशचं डावे! म्हणजे मी ज्यांना 'बुशभक्त' म्हणायचो, ते बुशबद्दल आमच्यापेक्षा कमी लिहीत होते. आपल्या माणसाची बाजू मांडण्यापेक्षा समोरच्याची चूक दाखवणं सोपं, आणि वाचकालाही तेच आवडतं. अशा वेळी खोटं लिहायची गरजच पडत नाही. खऱ्याच गोष्टी, फक्त एका ढिगातल्या उचलायच्या.

नेहमी असंच होतं असंही नाही. डिसेंबर २००२ मध्ये सिनेटर ट्रेंट लॉट यांनी स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवशी त्यांच्या १९४८ च्या वर्णभेदवादी उमेदवारीचं कौतुक केलं. मोठ्या वर्तमानपत्रांनी आधी फारसं लक्ष दिलं नाही. टॉकिंग पॉइंट्सच्या जॉश मार्शलने विषय लावून धरला, पण तिकडे इन्स्टापंडितच्या ग्लेन रेनल्ड्सनेही लॉटना झोडपलं. साधारण दोन आठवड्यांत लॉटनी सिनेटमधलं पक्षाचं नेतेपद सोडलं. दोन्हीकडचे एकाच गोष्टीकडे बघायला लागले की काय होतं, त्याचा हा नमुना.

पण मला आज सांगायचंय ते माझ्याबद्दल. त्या कागदांचा अक्षरसंच टाइपरायटरचा वाटत नाही, ही शंका त्याच रात्री नेटवर आली होती. लिटल ग्रीन फुटबॉल्सच्या चार्ल्स जॉन्सनने तो मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, कुठलंही सेटिंग न बदलता टाइप केला, तर तो मूळ कागदावर जवळपास तंतोतंत बसला. मित्र मला तेव्हा म्हणाला होता, "अरे, पाच मिनिटांचं काम आहे, स्वतः टाइप करून बघ ना."

मी बघितलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचा पगार घेणारा माणूस मी. समोर वर्ड उघडं होतं. पण माझ्या वाचनात तो 'विषय' नव्हता, म्हणून ती उजव्यांची टूम म्हणून सोडून दिली. त्याने अबू घरेबचे फोटो नीट पाहिले नाहीत म्हणून मी त्याला निर्दय ठरवलं होतं, आणि मी स्वतः एक परिच्छेद टाइप करायचे कष्ट घेतले नव्हते. तुरुंगातला छळ आणि बनावट वाटणारा कागद यांची बरोबरी मी आजही करणार नाही. पण न बघण्याची सवय दोघांची एकच होती.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ते फोटो मी नंतर पाहिले. बऱ्याच नंतर. तुला सांगितलं नाही."

पुढे आम्ही मुलांच्या शाळांबद्दल बोललो. असो.