ळ

गेल्या दिवाळीपासून मला कमी ऐकू येतं. वयाचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. दुसरीच्या वर्गात ल आणि ळ सारखेच ऐकू येऊ लागले, तेव्हा मात्र मी हादरले. तीस वर्षं मी ज्यावर जगले, तोच कान.

धाराशिवात माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी दखनी बोलतात. कुणाच्या बापाचा फळांचा गाडा, कुणाचा गॅरेजमध्ये हात काळा. पोरानं मराठीतून शिकावं, हे त्यांनी विचार करून ठरवलेलं असतं. दखनीत ळ नाही, ण नाही. म्हणून शाळेची शाला, फळ्याचा फला, पाण्याचं पानी. मी लगेच अडवायचे. जीभ वळवून दाखवायचे, पुन्हा म्हणायला लावायचे. तिसऱ्यांदा अडवलं की पोर गप्प बसायचं आणि मी वहीत लिहायचे, 'वाचन येत नाही'.

उच्चारांचा मला फार गर्व होता. पाठांतर स्पर्धांना परीक्षक म्हणून मला बोलावत. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवलं, हे प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा 'अमेरिकेतून आलेल्या बाई आम्हाला मराठी शिकवणार?' असं माझ्या मनात आलं होतं. आज त्याची लाज वाटते.

माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. 'क़लम'मधला क़ घशातून निघत नाही म्हणून खाल्लेली छडी ते म्हातारपणीही विसरले नव्हते. त्यांच्याच गावात मी ळसाठी पोरांना उभं करत होते. छडी नव्हती, एवढंच.

ऐकू येईना म्हणून मी मुलांच्या बोटाकडे बघू लागले. 'केळी'खाली बोट ठेवून एक मुलगी काहीतरी म्हणाली आणि लगेच खुलून सांगू लागली, "हमारे गाडे पे हैं ना!" 'केली'च म्हणाली असणार. पूर्वी मी तिला तिथंच तोडलं असतं. तिनं वाचलं होतं, अर्थासकट. चाचणीचा उतारा आधीच घोकून घेणारे शिक्षकही मी पाहिलेत. त्यांची मुलं खडाखड म्हणतात, बोट मात्र भलत्याच ओळीवर असतं. 'निपुण भारत' या सरकारी मोहिमेत तिसरीच्या अखेरीस मिनिटाला ६० शब्द वाचायचे, तेही समजून. त्यात ही 'केली' धरायची का? मी धरते.

पण श्रुतलेखन? तिथं माझी अडचण सुटलेली नाही. ती मुलगी लिहितेही 'केली'. काल-काळ, वेल-वेळ, गाल-गाळ अशा जोड्यांची कार्डं केलीत. नजरेला फरक कळतो, चित्र दाखवलं की नेमकं कार्ड उचलते. पेन्सिल हातात घेतली की तिची जीभच पुढे धावते. आणि मी शब्द सांगते, तेव्हा माझा ळ तरी अजून ळ राहिलाय का, हे मला कोण सांगणार?

मुलानं कानाचं मशीन आणून दिलंय. श्रुतलेखनाच्या तासाला ते लावते. वाचनाच्या तासाला अजून धीर होत नाही, खणातच ठेवते.