कावळा, फांदी आणि कारण

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला केवळ आनंतर्य म्हणजे कारण नव्हे, हे तत्त्व ठाऊक असते. संस्कृतातील काकतालीय न्यायही हेच सांगतो. प्रश्न आहे तो फांदीखाली आपलेच कोणी सापडले असता हे तत्त्व आठवण्याचा.

गडचिरोलीच्या खेड्यांत गरोदर बाई हात आखडून जेवत असे. जास्त खाल्ले तर पोटातले मूल मोठे होईल, मोठे मूल अडेल आणि अडलेली बाई जिवाला मुकेल, हा त्यामागील विचार. त्याला अंधश्रद्धा म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही. दवाखान्याच्या वाटेत जंगल आणि नदी असताना या साखळीतील एकही दुवा हास्यास्पद ठरत नाही. साखळी बाळंतपणापाशी थांबते, हा तिचा दोष. कमी वजनाचे मूल सुखरूप जन्मते आणि काही दिवसांनी जंतुसंसर्गाने दगावते. तोवर पहिली कथा संपलेली असते. या मृत्यूसाठी दृष्ट, करणी, प्राक्तन अशी दुसरी कथा रचावी लागते.

अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या 'सर्च'ने याच जिल्ह्यात ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांवर घरीच उपचार करण्याचे शिक्षण दिले. तुलनेसाठी ४७ गावे निवडली. तेथे नेहमीच्या सरकारी सेवाच चालू राहिल्या. उपचारांच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेने ६२ टक्के घट झाल्याचे 'लॅन्सेट'ने १९९९ साली प्रसिद्ध केले. या निष्कर्षाचा खरा आधार ती ४७ गावे आहेत. ती नसती तर चांगला पाऊस किंवा नवा रस्ताही कावळा ठरू शकला असता. परंतु त्या गावांत मुले पूर्वीसारखीच मरत राहिली, हेही त्या पुराव्यातच अंतर्भूत आहे.

आईजवळ मात्र तुलनेची गावे नसतात. तिच्याजवळ एकच मूल असते, आणि 'तसे केले असते तर' या प्रश्नाला समूहाचा दर उत्तर देत नाही. फॉर्स्टरने १९२७ साली कथा आणि कथानक यांतील भेद कार्यकारणावर उभा केला. समीक्षेने तो निकष सहज स्वीकारला. कारण कादंबरीतील मृत्यू एकदाच घडतो आणि त्याचे कारण लेखकाच्या हाती असते. दुव्याला दुवा जुळला म्हणजे कारण सापडले, हे समाधान गडचिरोलीतील त्या जेवण टाळणाऱ्या बाईलाही लाभलेच होते.