रिसानीची भरली रोटी

मोरोक्कोत सहाराच्या कडेला रिसानी हे गाव आहे. तिथली खासियत मद्फूना, म्हणजे ‘पुरलेली’ रोटी. पूर्वी ती तापल्या वाळूत, निखाऱ्यांत पुरून भाजत. वाळवंटात सरपण जपूनच वापरायचं! म्हणून भट्टीही साऱ्या गल्लीची एकच. मांस, कांदा, जिरं, बदाम यांचं सारण बायका घरी करतात नि भाजायला भट्टीवर देतात. आपण दिवाळीत नानकटाई बेकरीत नेतो ना, तस्संच! आच भट्टीवाल्याची, पण चव घरधनिणीचीच.

घरी करायची तर यीस्ट घालून मैदा मळा, तासभर झाकून ठेवा. दोन पोळ्यांमध्ये शिजवलेला, कोरडा खिमा भरा, कडा घट्ट दाबा नि जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्हीकडून भाजा. खिमा चालत नसेल तर परतलेला कांदा भरा. मात्र सारण ओलं नको, रोटी फुटते.